आधी गडाचं पाणी बघा

राजगडाच्या पायथ्यावरून एक खुलं पत्र

प्रति,
गड-किल्ल्यांची राखण, दुरुस्ती आणि पर्यटन ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी,
आणि दर शनिवार-रविवारी माणसं गडावर घेऊन येणारे ट्रेक आयोजक

सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या यादीत आमचा राजगड आहे. बातमी आली त्या दिवशी गुंजवणी खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फोन वाजत होते, लोकांनी देवापुढे नारळ फोडले. मलाही फार आनंद झाला. माझ्या आधीच्या पिढ्या या गडाच्या सावलीत जगल्या. माझ्या आईने वर्षानुवर्षं डोक्यावर ताकाची कळशी घेऊन पद्मावती माची गाठली, आणि त्या ताकाच्या पैशांवर मी शिकले. आज मी शाळेत शिकवते.

त्या दिवसापासून गडावर काय काय होणार याची चर्चा गावात चालू आहे. पायऱ्या, रेलिंग, दिवे, वाहनतळ, कमान, माहितीफलक. चहाच्या टपरीवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात मी ही चर्चा ऐकते. या सगळ्यात एक शब्द मला अजून ऐकू आलेला नाही. तो म्हणजे टाकं, गडावर कातळात खोदलेला पाण्याचा हौद. गडाच्या पाण्याविषयी कुणीच बोलत नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्यातले बरेच जण गडावर दोन-चार तासांसाठी येता, त्यामुळे पाण्याकडे पाहायला सवड होत नसेल. गुंजवण्याहून चढून चोरदरवाज्यातून वर आलं की पहिल्यांदा समोर येतो तो पद्मावती तलाव. बांधीव भिंती आणि आत उतरायला भिंतीतच ठेवलेली कमान. पुढे पद्मावतीच्या देवळाजवळ पिण्याच्या पाण्याची टाकी आहेत. सुवेळा माचीकडे टाकी, संजीवनी माचीच्या चिंचोळ्या सोंडेवर टाकी, आणि बालेकिल्ल्याची ती छातीवर येणारी चढण संपवून वर गेलं की तिथे चंद्रतळं. एवढ्या उंचीवर, चारी बाजूंना कडे असताना, हे पाणी आपसूक आलेलं नाही. माणसांनी काळ्या कातळात छिन्नी-हातोड्याने जागा करून ते तिथे थांबवलं आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभाराची नीती सांगणारा ग्रंथ, तुम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुमच्या कार्यक्रमांच्या भाषणांत त्याचा उल्लेखही होतो. इ.स. १७१५ च्या सुमाराच्या त्या लेखनात दुर्गांच्या प्रकरणात पाण्याविषयी स्पष्ट सांगितलं आहे: आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून तळी, टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून राखीव टाकी वेगळी ठेवावीत आणि त्यातलं पाणी खर्चू देऊ नये. शेवटी आज्ञा आहे, गडाचे पाणी बहुत जतन राखावे.

पंतांनी यात नुसती इच्छा व्यक्त केलेली नाही. स्वराज्याने पाव शतक लढून जे शिकलं ते त्यांनी पुढच्या धन्यांसाठी लिहून ठेवलं. राजगड दोन दशकांहून अधिक काळ राजधानी होता. महाराणी सईबाईंनी ५ सप्टेंबर १६५९ रोजी याच गडावर डोळे मिटले. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये इथेच परतले. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा, तोही इथलाच. राजघराणं, शिबंदी, कारखाने, गुरं-घोडी, येणारे-जाणारे जासूद, एवढ्या सगळ्यांना चैत्र-वैशाखात पाणी पुरत होतं. तट कितीही भक्कम असला तरी पाणी संपलं की गड चार दिवसांत खाली करावा लागतो, हे त्या माणसांना कळत होतं. आपण मात्र तटाची डागडुजी करतो आणि टाक्याकडे पाठ फिरवतो.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार गाळाची. कातळात खोदलेली टाकी दरवर्षी पावसाबरोबर माती, पालापाचोळा, दगड-गोटे आत घेतात. म्हणून ती दरवर्षी उपसावी लागतात. आजी सांगायची की तिच्या लहानपणी गावातली माणसं पाऊस तोंडावर आला की वर जाऊन टाकं उपसून येत. ते कुणी सांगितलेलं काम नव्हतं. गुरं वर चरायला जायची, गुराख्यांना पाणी लागायचं, देवीच्या यात्रेला पाणी लागायचं, म्हणून होत होतं. "पान्याला पाय लावू नगं," असं ती आम्हाला दटावायची. पुढे गुरं कमी झाली, पोरं पुण्याला कामाला गेली आणि गड सरकारी कागदावर संरक्षित झाला. गावाचा हात सुटला आणि त्या जागी दुसरा कुणाचा लागला नाही. आज कित्येक गडांवर माणूसभर गाळाने भरलेली टाकी आहेत. वरून पाहिलं तर हिरवं पाणी दिसतं, काठी घातली तर हातभर खाली चिखल लागतो. असं टाकं पावसाळ्यात भरतं आणि माघ उजाडायच्या आत आटतं. काही ठिकाणी कडेच्या फटीत उंबर-पिंपळाने मुळं रोवली आहेत. ती कातळ उकलत जातात आणि मग पाणी ठरतच नाही.

गाळाच्या तक्रारीला जोडूनच दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या अभियंत्यांनी शांतपणे ऐकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. टाक्यात पाणी येतं कसं? वरच्या कातळावर कोरलेल्या बारीक चरांमधून. पावसाचं पाणी माचीवर कुठेही धावू नये, ते चरांनी टाक्यात यावं, एक टाकं भरलं की पुढच्यात जावं, पहिल्यात गाळ बसावा आणि पुढच्यात नितळ पाणी साठावं, अशी ती रचना आहे. चर बुजले की तेच पाणी वाट मिळेल तिकडे जातं. ते तटाच्या पोटात शिरतं, आतली भर फुगते, आणि एखाद्या आषाढात तटाचा भाग ढासळतो. मग तट पुन्हा बांधायला निधी येतो. बुजलेला चर तसाच राहतो. दोन-चार वर्षांनी त्याच्याच शेजारचा भाग जातो. तटाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना वरच्या बाजूचे चर आणि टाकी त्यात धरली तर हा खर्च पुन्हापुन्हा करावा लागणार नाही. टाकं खोदताना निघालेला दगडच तटाला वापरला जायचा. ज्यांनी गड बांधला त्यांच्या हिशेबात तट आणि पाणी ही दोन खाती नव्हती.

दुरुस्तीचं साहित्य हाही प्रश्न आहेच. गळकं टाकं सिमेंटने लिंपायची घाई कृपा करून करू नका. कातळावर सिमेंट धरून राहत नाही. काही पावसाळ्यांत पोपडा सुटतो आणि त्याच्याबरोबर दगडाची कडही जाते. चुन्याचं काम करणारे कारागीर अजून आहेत. रायगडावर हत्ती तलावाची गळती काढल्यावर तो काही वर्षांपूर्वी पुन्हा तुडुंब भरला, ते फोटो आम्ही सगळ्यांनी डोळे भरून पाहिले. म्हणजे हे काम होतं. योग्य माणसं लावली, वेळ दिला तर होतं.

आता परवानगीविषयी. हे लिहिताना मला कुणा एका अधिकाऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, म्हणून गडाचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही. आमच्या ओळखीच्या गडप्रेमी तरुणांनी एका गडावरचं टाकं श्रमदानाने उपसायचं ठरवलं. रीतसर अर्ज दिला, नकाशा जोडला, फोटो जोडले. फेऱ्या मारल्या. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. उत्तर आलं तेव्हा टाक्यावर पावसाच्या सरी कोसळत होत्या. परवानगी हातात आणि काम करायला वर्षभर थांबायचं.

परवानगी लागू नये असं मी म्हणत नाही. उलट ती हवीच. टाक्याच्या गाळात काय नसतं? खापरं, नाणी, तोफगोळे, पडलेले कोरीव दगड. उत्साहाच्या भरात घमेल्याने गाळ काढून दरीत लोटला तर त्याच्याबरोबर इतिहास जातो. गाळ थराथराने काढावा, चाळावा, मिळालं ते जागेवर नोंदवावं, आणि हे सगळं जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावं. हे मी मान्य करते. पण ज्या कामाला वर्षातले जेमतेम तीन महिने मिळतात त्याची परवानगी चौथ्या महिन्यात येणार असेल, तर त्या नियमाने वारसाही राखला जात नाही आणि पाणीही.

तिसरी तक्रार तुमच्याकडे, आयोजक मंडळींनो. तुमच्यातले कितीतरी जण मनापासून गड दाखवतात, जाताना कचरा गोळा करून नेतात, हे मी पाहिलं आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सगळे तसे नाहीत. रात्री दीड-दोनला पुण्या-मुंबईहून बस येते, सूर्योदयाच्या आत माणसं वर पोहोचतात, आणि दुपारपर्यंत टाक्याच्या काठावर जे घडतं ते पाहवत नाही. टाक्यात उतरून पोहणं चालतं, त्याचे व्हिडिओ काढले जातात. साबण लावून हात-पाय धुतले जातात. नूडल्सची पातेली थेट टाक्यात बुडवून विसळतात. बाटल्या, रॅपर, पत्रावळी. श्रद्धेने टाकलेली नाणी, निर्माल्य आणि नारळही. टाकणाऱ्याला वाटतं एवढ्याशाने काय होतंय. हे साचलेलं पाणी आहे. नदीसारखं ते पुढे वाहून जात नाही. ज्येष्ठापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत तेच पाणी तिथे असतं, आणि त्यात मिसळलेलं सगळं तिथेच राहतं.

याहून वाईट गोष्ट स्पष्ट लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. गर्दीच्या दिवशी शेकडो माणसं गडावर असतात आणि ती शौचाला कुठे जातात, हा प्रश्न कुणीही विचारत नाही. जातात ती टाक्याच्या वरच्या उतारावर, झाडोऱ्याआड. पहिल्या पावसात ते सगळं त्याच चरांमधून खाली येतं. बायकांचे हाल तर वेगळेच. माझ्या आईसारख्या बाया दिवसभर ताक-सरबत विकत बसतात, त्या सकाळपासून घोटभर पाणीही पीत नाहीत, का ते तुम्ही समजून घ्या.

मी स्वतः एकदा एका गडावरच्या टाक्याचं पाणी तपासून पाहिलं. गावोगावी पाणी तपासायला मिळते ती एच टू एसची बाटली असते, पाणी भरून ठेवायची, दूषित असेल तर काळी पडते. ती काळी पडली. त्याच टाक्यातलं पाणी त्या दिवशी लोक ओंजळीने पीत होते, कारण शिवकाळातलं पाणी म्हणून ते पवित्र मानतात. त्यांच्या भावनेला मी नावं ठेवत नाही. त्या भावनेची किंमत त्यांना आजारपणाने चुकवावी लागू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

यातून काय झालं पाहा. टाक्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही म्हणून प्रत्येक जण खालून प्लास्टिकची बाटली घेऊन येतो. वर आल्यावर ती रिकामी होते आणि तिथेच राहते. वर विक्री करणाऱ्या बाया खालून पाण्याचे कॅन डोक्यावर, पाठीवर वाहून आणतात. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा आमच्याच वरच्या वस्त्यांना पाण्याची ओढ लागते, तेव्हा गावच्या विहिरीतलं पाणी गडावर चढतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गडाने हजारोंना पाणी पाजलं, त्याला आज पायथ्याचं गाव पाणी पुरवतं. हे मला सहन होत नाही.

कचऱ्याविषयीही आज्ञापत्रात सांगितलं आहे, तेही आठवून देते. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाकडेला केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न ढकलता जागोजागी जाळावा आणि त्याची राखही परसात टाकून भाजीपाला करावा. तेव्हा प्लास्टिक नव्हतं, आज ते जाळून चालणार नाही, ते खालीच न्यावं लागेल. पण केर कड्यावरून लोटून द्यायचा नाही, ही शिस्त तेव्हाही होती. आज राजगडाच्या कड्यांवर जिथे माणसाचा हात पोहोचत नाही तिथे बाटल्या अडकलेल्या दिसतात, आणि त्या काढायला आमच्या गावची पोरं दोर बांधून उतरतात.

आणखी एक मुद्दा. २०२२ मध्ये राजगडाला रोपवे करायची घोषणा झाली तेव्हा खूप वाद झाला. काहींना तो हवा होता, बऱ्याच दुर्गप्रेमींचा विरोध होता. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना गड पाहता यावा ही इच्छा मला समजते. माझ्या आईचे गुडघे आता चढ मानत नाहीत. पण माझा एक साधा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. तासाला जी वाढीव माणसं वर येतील त्यांना पाणी कुठून देणार, आणि त्यांचं सांडपाणी, मैला कुठे जाणार? रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. तिथल्या अनुभवाचा हिशेब मांडून, राजगडाची पाणी साठवण किती, गर्दी किती पेलते, हे आकडे जनतेसमोर ठेवल्याशिवाय कुठल्याही नव्या सोयीचा निर्णय होऊ नये. रोपवेच नव्हे, वर दिवे आणि दुकानं आणायची असतील तरी हाच प्रश्न लागू आहे.

आता मागण्या. यातली एकही अवघड नाही, आणि बऱ्याचशा गोष्टी गावांसाठी आधीच चालू आहेत.

प्रत्येक गडावरच्या प्रत्येक तळ्या-टाक्याची नोंद करा. लांबी, रुंदी, खोली, गाळ किती, गळतं का, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, वरचे चर कुठून येतात. ही नोंदवही लोकांना पाहता यावी अशी ठेवा. राजगडापासून सुरुवात करा, मग शिवनेरीची गंगा-जमुना टाकी, लोहगडावरचं नाना फडणवीसांचं सोळा कोनी तळं, साल्हेरचा गंगासागर, पन्हाळ्याची अंधारबाव, अशी यादी पुढे न्या. बारा गडांपैकी काही केंद्राच्या अखत्यारीत आहेत आणि राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या. पाण्याला ही वाटणी माहीत नाही, तेव्हा दोन्हीकडे नोंदीची पद्धत एकच ठेवा.

गाळ काढण्याचं वर्षाचं वेळापत्रक जाहीर करा. अर्ज दिवाळीपर्यंत घ्या, संक्रांतीच्या आत होय किंवा नाही कळवा, नाही म्हणायचं तर कारण लिहा. होळीपासून मृगापर्यंत काम चालू द्या, त्या दिवसांसाठी तुमचा एक जाणकार माणूस जागेवर ठेवा, आणि गाळातून मिळालेल्या वस्तूंची यादी पायथ्याच्या ग्रामपंचायतीतही लावा. आमच्या पोरांना चाळणी कशी धरायची, थर कसा ओळखायचा हे शिकवा. ती मनापासून शिकतील.

आमच्या ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासलं जातं, त्यावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, आणि गावात जलसुरक्षक असतो. हीच पद्धत गडाला लावा. प्रत्येक गडावर पिण्यासाठी एक-दोन टाकी ठरवा, बाकीची वापरायची नाहीत असं सांगा, ठरवलेल्या टाक्यांचं पाणी वर्षातून निदान दोनदा तपासा आणि निकाल पायथ्याला व वर, दोन्हीकडे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. पिण्यालायक नसेल तर तसं लिहा. लोकांना खरं सांगितलेलं आवडतं.

पाणी काढायला दोर आणि पोहरा ठेवा, म्हणजे कुणाला आत उतरावं लागणार नाही. पोहायला, धुवायला बंदी करा आणि ती पाळली जाईल असं बघा. त्यासाठी पायथ्याच्या गावांतल्या बायका-पुरुषांना पगारी राखण द्या. घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतीच्या गावांतल्या, लोकांनी गडाची राखण करायची ही जुनी रीत आहे, आम्हाला ती नवी नाही. माझ्या आईला कुठल्या टाक्यात पाणी कधी आटतं हे जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

टाक्याच्या वरच्या बाजूला, जिथून चरांचं पाणी येतं त्या सगळ्या पट्ट्यात तंबू, चूल, शौच यांना पूर्ण मनाई असावी. पायथ्याला गुंजवणे आणि पाली या दोन्ही वाटांवर चांगली, पाणी असलेली स्वच्छतागृहं बांधा. वर काय करता येईल ते वारशाला धक्का न लावता तज्ज्ञांनी ठरवावं, पण लवकर ठरवावं.

बाटल्यांसाठी पायथ्याला नोंद आणि अनामत. वर नेलेली बाटली खाली आणून दाखवली की पैसे परत. हे काम बचत गटांना द्या.

आयोजकांकडे माझं मागणं वेगळं आहे. चढाई सुरू करण्याआधी तुम्ही पाच मिनिटं इतिहास सांगता, त्यात दोन मिनिटं पाण्याला द्या. कोणतं टाकं पिण्याचं, कशात हात घालायचा नाही, हे सांगा. ज्या दिवशी आधीच गर्दी असेल त्या दिवशी बस दुसऱ्या गडाकडे वळवा. वर्षातला एक रविवार, होळीनंतरचा कोणताही, घमेली आणि फावडी घेऊन या. जेवण गाव देईल.

हे पत्र गुंजवणी खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना मी वाचायला दिलं आहे आणि ग्रामसभेतही मांडणार आहे. उत्तर मला घरी नको. यंदाच्या संक्रांतीपर्यंत राजगडावरच्या पाण्याच्या कामाला कुणाची नेमणूक झाली, कोणतं टाकं पहिलं घेणार आणि कधी, एवढ्या तीन गोष्टी चावडीच्या फलकावर लावा. पहिल्या दिवशी कामाला किती माणसं लागतील तेही कळवा, तेवढी इथून येतील.

आपली,
राजगडाच्या पायथ्याची एक रहिवासी आणि शिक्षिका